विमान उगाच काही करत नाही

अकोटात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. संत्र्या-केळीच्या बागांवरचे जळालेले पंप माझ्याकडं येतात, आणि उन्हाळ्यात तर ओट्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. दिवसभर तांब्याची तार, वॉर्निश आणि जळक्या वाइंडिंगचा वास. रात्री शटर ओढलं की माडीवरच्या खोलीत संगणकापुढं बसायचं आणि दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवायची, हा माझा २००३ पासूनचा नेम. ओलेग मॅडॉक्स यांच्या रशियन चमूनं २००१ मध्ये काढलेल्या ‘आयएल-२ श्टुर्मोविक’ची सीडी तेव्हा नागपूरहून आणली होती. पुढं त्याच घराण्यातली नवी सिम्युलेटरं आली, ‘डीसीएस’ या दुसऱ्या सिम्युलेटरमधलं मस्टँग आलं, स्पिटफायर आलं. जॉयस्टिक तीनदा बदलली.

समोरची विमानं किती पाडली याची मोजदाद मी फार पूर्वीच सोडली. मला एकाच प्रश्नानं धरून ठेवलं: पडद्यावरचं विमान खऱ्यासारखं उडतं का, आणि उडत असेल तर ते ओळखायचं कशावरून? हवा, वजन, पंख, प्रोपेलर आणि इंजिन यांचं गणित संगणक दर सेकंदाला कित्येकदा मांडत असतो. त्याला आम्ही ‘फ्लाइट मॉडेल’ म्हणतो. या गणिताच्या मागं लागून वीसेक वर्षांत जे हाती आलं ते इथं मांडतो. यातलं बरंचसं मला दुकानातल्या कामानं समजलं.

१. डावीकडं पळण्याला चार कारणं असतात

स्पिटफायर हाती आलं तेव्हा पहिले दोन महिने ते धावपट्टीवरून सरळ उठलंच नाही. थ्रॉटल पुढं केला की नाक डावीकडं, पंख जमिनीला आणि सगळं संपलं. जॉयस्टिक बिघडली असं समजून ती परत करायला निघालो होतो. त्याच आठवड्यात दुकानात एक मोनोब्लॉक पंप फरशीवर नुसताच ठेवून चालू केला आणि तो जागच्या जागी उलट्या अंगानं उसळला. रोटर एका बाजूला फिरू लागला की बॉडी दुसऱ्या बाजूला ओढ घेते, म्हणून तर पंपाला फाउंडेशनचे बोल्ट लागतात. हे मी रोज पाहत होतो. विमानाला बोल्ट नसतात, हे त्या दिवशी ध्यानात आलं.

स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्याची उलट ओढ डावं चाक जमिनीत दाबते. प्रोपेलरनं मागं फेकलेली हवा धडाला वेढे घालत जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. शेपूट जमिनीवर असताना नाक वर असतं, तेव्हा उजवीकडून खाली येणारं पातं डावीकडून वर जाणाऱ्या पात्यापेक्षा जास्त जोर लावतं. आणि शेपूट उचलली गेली की फिरता प्रोपेलर भोवऱ्याच्या नियमानं नाक बाजूला वळवतो. चारही कारणं विमानाला डावीकडंच नेतात. थ्रॉटल हळूहळू वाढवायचा आणि उजव्या रडरवर पाय आधीच तयार ठेवायचा, एवढाच उपाय.

माझा भाचा तेव्हा बारा वर्षांचा होता. मागं उभा राहून पाहत असताना त्यानं विचारलं, “मामा, हे डाव्या अंगालेच काऊन पयते?” मी चारही कारणं सांगितली. त्याचा लगेच पुढचा प्रश्न, “मंग उजव्या अंगाले पयणारं इमान नाही का?” आहे. युद्धाच्या उत्तरार्धात ग्रिफन इंजिनाची स्पिटफायरं आली, त्यांचा प्रोपेलर उलटा फिरतो. मर्लिनवर पाय बसलेल्या वैमानिकाला तिथं दुसरा पाय वापरावा लागे. आमच्याकडं दोन फेजांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते आणि पंप नीट पाणी देत नाही. अकोटच्या पोराला एवढं सांगितलं की बाकी सांगावं लागत नाही.

तेव्हापासून माझी पहिली कसोटी ठरली. चांगल्या मॉडेलमधलं विमान उगाच काही करत नाही. ते वळलं, थरथरलं, पडलं, तर मागं जाऊन कारण सापडलं पाहिजे.

२. अवघड म्हणजे खरं, असं नाही

या छंदात एक समज घट्ट बसलेला आहे: विमान जितकं हाताबाहेर जाईल तितकं मॉडेल अस्सल. मीही काही वर्षं तसंच मानत होतो. मग वैमानिकांच्या आठवणी वाचू लागलो आणि चित्र बदललं. स्पिटफायर हवेत हलकं आणि आज्ञाधारक होतं. त्याच्या जोडीचं हरिकेन स्थिर होतं, नेम धरायला पक्कं होतं. ही विमानं विशी ओलांडलेली पोरं काहीशे तासांच्या अनुभवावर लढाईत नेत होती. प्रत्येक वळणावर गिरकी घेऊन पडणारं यंत्र कोणत्याही हवाई दलानं त्यांच्या हाती दिलं नसतं.

स्पिटफायरचा पंख मुळापासून टोकाकडं किंचित पिळलेला आहे. त्यामुळं वळण जास्त आवळलं की आधी मुळाजवळची हवा पंख सोडते आणि विमान थरथरून इशारा देतं. टोकांवरचे, विमान कुशीवर वळवणारे एलेरॉन तोवर काम करत असतात. याच्या उलट जर्मन फॉके-वुल्फ १९०. ते कुशीवर विलक्षण चपळाईनं वळे, पण आवळलेल्या वळणात फारशी सूचना न देता झटकन उलटे. खऱ्या मॉडेलमध्ये एक विमान बोलून सांगतं आणि दुसरं सांगत नाही. दोन्ही सारखीच घाबरवत असतील, तर ते मॉडेल फक्त अवघड आहे.

३. खोटही तितकीच खरी हवी

सुरुवातीच्या मर्लिन इंजिनात फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. वैमानिकानं नाक झटक्यात खाली दाबलं की पेट्रोल उसळून जागा सोडे आणि इंजिन क्षणभर गप्प होई. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन थेट फवारलं जाई, त्याला ही अडचण नव्हती. तो नाक दाबून निसटे. पाठलाग करणारा स्पिटफायरवाला आधी विमान पालथं करी आणि मग खाली ओढी, म्हणजे पेट्रोल जागेवर राही. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिआट्रिस शिलिंग या अभियंतीनं १९४१ मध्ये मोजून भोक पाडलेली एक छोटी पितळी चकती इंधनाच्या वाटेत बसवून या दुखण्यावर उतारा दिला.

मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं. नाक दाबल्यावर माझं इंजिन पहिल्यांदा खोकलं तेव्हा मी पुस्तक उघडलं, आणि एका चकतीमागची सगळी कहाणी हाती आली. खेळणाऱ्याला त्रास नको म्हणून ही खोट काढून टाकली असती, तर १९४० च्या वैमानिकानं विमान आधी पालथं का केलं हे मला कधीच कळलं नसतं. विमानाची उणीव दाखवणं हा त्या विमानाचा आणि ते उडवणाऱ्यांचा मान आहे.

४. आधी मोजावं, मग बोलावं

“माझं विमान मुद्दाम हळू केलंय,” ही तक्रार या छंदात सगळ्यात जास्त ऐकू येते. मीही ती एकदा जोरात केली होती. आठवडाभर वाद घातला. शेवटी वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं की रेडिएटरची झडप मी सतत पूर्ण उघडी ठेवून उडत होतो. तेवढ्या अडथळ्यानंच वेग खाल्ला होता.

आता माझी रीत ठरलेली आहे. इंधन किती, तापमान किती, उंची किती, हे आधी लिहायचं. सपाट उड्डाणात वेग वाढायचा थांबेपर्यंत धीर धरायचा. चढाईची वेळ घड्याळ लावून घ्यायची. एक पूर्ण वळण उंची न गमावता किती सेकंदांत होतं ते मोजायचं. प्रत्येक चाचणी तीनदा. दुकानात वाइंडिंग तपासायचा मेगर लावल्याशिवाय मी मोटारीला जळकी म्हणत नाही, मग विमानाला तरी का म्हणावं?

युद्धकाळातल्या चाचण्यांचे कागदही जपून वाचावे लागतात. एकाच स्पिटफायरचे दोन वेग मिळतात, कारण १९४० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं आणि त्याच इंजिनाला सव्वासहाऐवजी १२ पौंडांचा बूस्ट (आत भरलेल्या हवेचा दाब) सोसू लागला. पकडलेल्या विमानांच्या नोंदींची गोष्ट आणखी वेगळी. २३ जून १९४२ ला आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक दिशा चुकून वेल्समधल्या पेंब्री तळावर उतरला आणि ब्रिटिशांना अखंड फॉके-वुल्फ १९० मिळालं. त्यांनी ते कसून तपासलं. पण सुटे भाग आणि माहितगार मेकॅनिक नसताना परक्या इंजिनाची तब्येत कशी सांभाळली जाते, हे दुरुस्तीचं काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. म्हणून आकडा वाचताना तो कोणत्या पेट्रोलवरचा, कोणत्या अवस्थेतल्या विमानाचा आणि कुणी घेतलेला, हे तिन्ही पाहावं.

५. अकोटचा मे महिना गणितात धरावा

सिममध्ये बहुतेक ठिकाणी तापमान बदलता येतं, आणि बहुतेक जण ते बदलत नाहीत. मी एकदा बदललं. आपल्याकडच्यासारखं ४५ अंश केलं, धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून ३०० मीटर धरली. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. मग कागदावर हिशेब केला. १५ अंशांच्या प्रमाण हवामानात समुद्रसपाटीला जेवढी हवा मिळते, त्यापेक्षा इथं मे महिन्याच्या दुपारी जवळपास आठवा हिस्सा हवा कमी. विमानाला वाटतं आपण सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहोत.

आठवा हिस्सा हवा गेली की पंखाची उचल घटते, प्रोपेलरची पकड घटते, इंजिनाचा श्वासही घटतो. काट्यावर १०० दिसले तरी जमीन १०७ च्या वेगानं मागं पळत असते. म्हणून उठायला आणि थांबायला जास्त पट्टी लागते. त्या दिवशी रोजच्याच वजनाचं माझं हरिकेन पट्टीच्या शेवटच्या तुकड्यावर कसंबसं उठलं. चांगल्या मॉडेलनं हे सगळं न सांगता करून दाखवलं.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे वैमानिक एप्रिल-मेच्या अशाच हवेत उडत होते. इंग्लंडमधल्या चाचणीचे आकडे घेऊन त्यांच्या लढाया समजून घ्यायला गेलो, तर आपण त्यांचं ऊन विसरलो असं होईल. वऱ्हाडच्या माणसानं तरी ते विसरू नये.

६. उंची म्हणजे टाकीतलं पाणी

शेतकऱ्याला मी हे एका वाक्यात सांगतो. वीज असते तेव्हा पंपानं पाणी उंच टाकीत चढवून ठेवायचं, वीज गेली की तेच पाणी खाली सोडून वापरायचं. विमानाची उंची ही तशीच साठवण आहे. ताशी ३०० किलोमीटरनं जाणाऱ्या विमानानं ५०० मीटर सूर मारला, तर हवेचा अडथळा सोडून हिशेबानं त्याचा वेग ताशी ४६० च्या पुढं जातो. वर चढलं की तोच वेग पुन्हा टाकीत जातो. आणि प्रत्येक आवळलेलं वळण म्हणजे फुटलेला पाइप.

वळणात विमानावरचा भार वाढतो, आणि भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पंख हवा सोडण्याचा, म्हणजे स्टॉल होण्याचा, वेगही वाढतो. सरळ उडताना १३० ला स्टॉल होणारं विमान चौपट भाराच्या वळणात २६० लाच स्टॉल होतं. हा नियम पाठ झाल्यावर माझी अर्धी पडझड थांबली.

ब्रह्मदेशात हरिकेनसमोर जपानी हयाबुसा होतं. बरंच हलकं विमान, आणि कमी वेगाच्या वळणात त्याचा हात धरणं हरिकेनला शक्य नव्हतं. त्याच्याशी वळणाची स्पर्धा करायची नाही, उंचीवरून यायचं, एकदा वार करून वेगातच निघून जायचं, हा तिथला कामाचा धडा होता. १९४३ च्या अखेरीस स्पिटफायरं आली तेव्हा हयाबुसापेक्षा लवकर वळता आलं म्हणून पारडं फिरलं नाही. चढण्याचा आणि वेगाचा साठा मोठा होता म्हणून फिरलं. ज्या सिममध्ये या दोन विमानांना आपापल्या रीतीनंच लढावं लागतं, त्याचं मॉडेल मी खरं मानतो.

७. इंजिनाला घड्याळ कळत नाही

एका सिममध्ये पूर्ण ताकद ठरलेली मिनिटं वापरली की इंजिन बंद पडायचं. मिनिट संपलं, इंजिन गेलं. मी मोटारी जळताना रोज पाहतो, म्हणून हे मला पटलं नाही. मोटार घड्याळ बघून जळत नाही. व्होल्टेज किती कमी होतं, भार किती होता, पाण्यानं ती किती थंड राहत होती, यावर तिचं आयुष्य ठरतं. एक मोटार कमी व्होल्टेजवर अर्ध्या तासात जाते, तर दुसरी तसाच मार खाऊन हंगाम काढते.

मर्लिनच्या जादा ताकदीला पाच मिनिटांची मर्यादा होती ती इंजिन टिकावं म्हणून. ती वापरली तर वैमानिकानं उतरल्यावर तसं कळवायचं, म्हणजे मेकॅनिक इंजिन पाहून घेई. सहाव्या मिनिटाला स्फोट होईल असा तो नियम नव्हता. उष्णता साठत जाते, तेल पातळ होतं, जोखीम वाढत जाते. अलीकडची चांगली मॉडेलं पाण्याचं आणि तेलाचं तापमान धरून हिशेब करतात, आणि तिथं माझी नजर आपोआप त्या काट्यांवर जाते. खऱ्या वैमानिकाचीही जात असणार.

८. निम्मं मॉडेल आपल्याच हातात असतं

टेबलावरची जॉयस्टिक वीतभर असते आणि तिची स्प्रिंग कायम तेवढीच मऊ. खऱ्या विमानात वेग वाढला की हवा नियंत्रणं धरून ठेवते. मेसरश्मिट १०९ वेगानं सूर मारत असे तेव्हा दांडा इतका जड होई की नाक वर ओढायला ताकद पुरत नसे. सिम या ताकदीची मर्यादा हिशेबात धरतं. आपण दांडा पूर्ण ओढतो, विमान थोडंच वळतं, आणि आपल्याला वाटतं संगणकानं फसवलं. संगणकानं फक्त माणसाच्या दंडाची ताकद खरी धरलेली असते.

मी दुकानातल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा लावून जॉयस्टिक लांब केली आणि ती खुर्चीच्या पुढं जमिनीलगत बसवली. हाताची हालचाल मोठी झाली, नेम सुधारला, उगाच स्टॉल होणं कमी झालं. मॉडेल तेच होतं. नव्या माणसाला मी सांगतो, महागडं सामान घेण्याआधी दांड्याची लांबी वाढव, पायाला पेडल कर आणि दोन आठवडे फक्त उठणं-उतरणं कर.

९. खुर्चीतून उठून प्रत्यक्ष पाहावं

इतकं सगळं खरं असलं तरी पडद्यावर एक गोष्ट कधीच येत नाही. माझ्याकडं पुन्हा सुरुवात करण्याचं बटण आहे. मुंबईत जन्मलेले ऋषिकेश मुळगावकर ब्रह्मदेशात स्पिटफायर उडवत होते तेव्हा ते चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. पुढं १९७६ ते १९७८ ते देशाचे हवाई दलप्रमुख होते. १९४४ च्या इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या हाताखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनची हरिकेनं टेहळणीला जात होती. खाली जंगल, वर पावसाळी ढग, एकच इंजिन. त्यांच्या हातात तेच रडर आणि तोच थ्रॉटल होता, पण चुकीची किंमत वेगळी होती. मॉडेल जितकं खरं होत जातं तितकं मला हे अंतर जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून मॉडेलच्या खरेपणासाठी मी आग्रह धरतो. या माणसांनी काय पेललं हे समजायचं, तर त्यांचं यंत्र सोपं करून चालत नाही.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नासाठी दिल्लीला गेलो. भाचा बरोबर होता. एक दिवस काढून आम्ही पालमचं हवाई दलाचं संग्रहालय पाहिलं. तिथं हरिकेन आहे आणि स्पिटफायरही आहे. हरिकेनच्या चाकांमधलं रुंद अंतर आणि स्पिटफायरचे जवळ-जवळ आलेले पाय मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. माझे ते पहिले दोन महिने कशानं गेले, याचं पाचवं कारण समोर उभं होतं.

भाचा स्पिटफायरच्या नाकापुढं गेला. पाच पात्यांच्या प्रोपेलरकडं खालून वर पाहत बराच वेळ थांबला. मग परत हरिकेनपाशी जाऊन तिथली पाती कशी पिळली आहेत ते बघून आला. कॉलेजात जाणारा पोरगा, पण आवाज बारा वर्षांच्या मुलासारखा झाला होता.

“मामा,” तो म्हणाला, “याची फेज उलटी हाय. हे उजव्या अंगाले पयत असन.”

ते ग्रिफनचंच स्पिटफायर होतं. पाटी वाचायच्या आधीच त्यानं ते ओळखलं होतं.